पोत्यावरचा वार

शिवजयंतीच्या मिरवणुकीत पालघरच्या पाचबत्तीपाशी किंवा बोईसर स्टेशनच्या रस्त्यावर लाठी फिरवणारी मुले दिसली की लोक थांबतात. दृश्य थांबून पाहण्यासारखेच असते. चक्र एवढ्या वेगाने फिरते की काठी दिसेनाशी होते, नुसता तिचा आवाज कानावर येतो. मनगटे सैल, पाय तालात, नजर समोर. या मुलांच्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून टाकतो. यांतल्या पुष्कळांच्या काठीने आजवर कशालाही पूर्ण ताकदीने घाव घातलेला नाही. ती हवेत फिरली, जमिनीवर आपटली, जोडीदाराच्या काठीला ठरल्या जागी ठरल्या वेळी लागली. वाराची ओळख तिला अजून व्हायची आहे.

काठी फिरवणे वेगळे आणि काठी मारणे वेगळे. फिरवताना गती टिकवायची असते, मारताना ती नेमक्या जागी खर्ची घालायची असते. हवेत मारलेला वार कधी चुकत नाही, हाच त्याचा मोठा दोष. अंतर चार बोटे कमी पडले तरी कळत नाही, टोक तिरपे गेले तरी कळत नाही, मूठ ऐन वेळी ढिली पडली तरी कळत नाही. वर हवेत जोर लावून मारलेली काठी थांबवण्याचा सगळा भार कोपरावर येतो. रोज शंभर-दोनशे वार असे मारणाऱ्याचा कोपर काही महिन्यांत बोलू लागतो.

मग मारायचे कशावर? माणसावर मारता येत नाही. भिंतीवर किंवा उघड्या खांबावर मारले तर आधी काठी तडकते, मग मनगट दुखावते. मार्ग एकच राहतो, मधे काहीतरी मऊ घालायचे. हत्यारावर घाला, लक्ष्यावर घाला, म्हणजे मऊ भरलेले पोते उभे करा, किंवा दोन्ही करा. जगात जिथे जिथे लोकांनी शस्त्रविद्या मन लावून शिकवली, तिथे तिथे त्यांना हे करावे लागले आहे.

आपल्याकडे याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे फरीगदगा. गदगा म्हणजे चामड्याचे आवरण चढवलेली काठी. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल. तलवारीचे हात शिकणाऱ्याच्या हाती वस्ताद आधी ही जोडी देत. चामड्यामुळे घाव बसल्यावर वळ उठतो, पण हाड सहसा वाचते. शिकणाऱ्याला खरोखर मारता येते आणि समोरच्याला खरोखर चुकवता येते. शीर, तमाचा, बाहेरा, कमर ही वारांची नावे तालमीतालमीत थोडी बदलतात, पण व्यवस्था तीच आहे. प्रत्येक नाव म्हणजे अंगावरची एक जागा आणि तिथे पोचायची एक वाट. बोथाटीतही हेच तत्त्व आहे. घोडेस्वाराच्या भाल्याला पात्याऐवजी लाकडी गोळा, त्यावर कापड, आणि ते कापड रंगात बुडवलेले. कुणी कुणाला कुठे टिपले याचा वाद उरत नाही, अंगरख्यावरचा डाग निकाल सांगतो.

मल्लखांबाकडेही मी याच नजरेने पाहतो. आज तो कसरतीचा खेळ झाला आहे, पण मुळात तो मल्लाचा न थकणारा प्रतिस्पर्धी. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले, तेही कुस्तीच्या तयारीसाठीच. माणसाच्या जागी खांब उभा करायचा आणि त्यावर डाव घटवायचा, ही कल्पना मराठी तालमीला परकी नाही. कुस्तीसाठी खांब टिकला, हत्यारांसाठी मात्र तो मागे पडला.

पालघरच्या किनाऱ्यावर अशा तयारीची किंमत एकदा फार जवळून मोजली गेली आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, मराठ्यांनी माहीम आणि तारापूरचे किल्ले पोर्तुगिजांकडून घेतले. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा नामांकित सरदार पडला. किल्ला सुरुंग-तोफांनी खिळखिळा होतो, पण शेवटचे काम तटावर चढलेल्या माणसाच्या हातातल्या हत्यारानेच होते. त्या गर्दीत काठीभर अंतरावर नेमका वार करणारा हात एका दिवसात घडत नाही, आणि धारदार तलवारीने आपल्याच माणसांत सराव करून तर मुळीच घडत नाही. गदगा आणि फरी हे त्या जगाचे शाळेतले साहित्य होते.

इंग्रजी अमलात लढाईची गरज संपली, तशी ही विद्या आखाड्यांत आणि व्यायामशाळांत आली. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी तिला सांघिक कवायतीची शिस्त दिली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. लाठी, फरीगदगा, जंबिया, बनेटी, भाला यांचे हात त्यामुळे कागदावर राहिले. हे ऋण मोठे आहे. मात्र याच काळात एक बदल झाला, त्याची नोंद घेतली पाहिजे. शेकडो मुलांना एका मैदानावर एकाच हुकमावर हलवायचे तर प्रत्येकासमोर खांब उभा करता येत नाही आणि प्रत्येक जोडीत मोकळी लढत लावता येत नाही. कवायत वाढली, लक्ष्य कमी झाले. प्रात्यक्षिकाला टाळ्या मिळतात, पोत्याला मिळत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला तेव्हा आनंद झालाच. पट्टेबाज निदान लिंबू कापून आपला नेम सिद्ध तरी करतो. लाठीवाल्याकडे तेवढीही परीक्षा आज उरलेली नाही.

इतर देशांत ही परीक्षा टिकली. रोमन सैन्याविषयी लिहिणाऱ्या व्हेजिशियसने सांगितले आहे की नवा शिपाई जमिनीत घट्ट रोवलेल्या सहा फुटी खुंटासमोर उभा राहून सराव करी. हातात नेहमीच्या दुप्पट वजनाची लाकडी तलवार आणि वेताची ढाल. तो खुंट म्हणजेच शत्रू. कधी त्याच्या डोक्यावर रोख, कधी कुशीवर, कधी पायांवर. जपानात सोळाव्या शतकात बांबूच्या पट्ट्या चामड्याच्या पिशवीत घालून सरावाची तलवार केली गेली, म्हणजे आपल्या गदग्याची चुलत बहीणच. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी तिथल्या शाळांनी डोके, छाती, मनगट झाकणारे कवच सुधारले आणि पूर्ण ताकदीची लढत रोजची गोष्ट झाली. फिलिपिन्समध्ये वेताच्या काठीची अर्निस ही विद्या २००९ पासून कायद्याने राष्ट्रीय खेळ आहे. तिथे गाडीचे जुने टायर दोरीला टांगून किंवा खांबावर चढवून त्यावर काठी चालवतात. भारतातही मणिपूरच्या थांग-ता स्पर्धेत चामडे चढवलेली काठी आणि चामड्याची ढाल घेऊनच खेळाडू उतरतात. गटका, कळरिपयट्टू, थांग-ता आणि मल्लखांब हे चार देशी खेळ २०२१ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमध्ये घेतले गेले. फरीगदगा त्या यादीत नाही. त्याला तिथे न्यायचे असेल तर मोजता येणारा, खरा लागणारा वार आपल्याला पुन्हा शिकवावा लागेल.

आता मऊपणा नेमके काय करतो ते पाहू. समजा काठीच्या टोकाकडचे, वारात प्रत्यक्ष कामाला येणारे वस्तुमान ३०० ग्रॅम आहे आणि टोकाचा वेग सेकंदाला २० मीटर आहे. ही काठी कठीण खांबावर २ मिलिसेकंदांत थांबली तर सरासरी बल ३,००० न्यूटन होते, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाएवढे. तीच काठी जाड थर दाबत २० मिलिसेकंदांत थांबली तर बल ३०० न्यूटनांवर, सुमारे ३० किलोंवर येते. वेग तोच, काठी तीच, थांबायला मिळालेला वेळ तेवढा दहापट. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात ते याचसाठी. जेवढे बल लक्ष्यावर तेवढेच उलटून काठीवर, म्हणजे तुमच्या मुठीवर, मनगटावर, कोपरावर. मऊ लक्ष्य हे मारणाऱ्याच्या सांध्यांचे रक्षण आहे, हे लक्षात आले की पोत्याला बायकी किंवा पोरकट समजणारे लोक गप्प होतील अशी आशा आहे.

दुसरा फायदा याहून मोलाचा आहे. पोते खरे बोलते. वार नीट बसला तर आवाज खोल आणि एकच येतो, काठी आत रुतते आणि हातात सरळ परत येते. टोक उशिरा आले तर काठी घसरते. जवळ उभे राहून मारले तर काठीचा मधला भाग लागतो आणि हाताला झिणझिण्या येतात. लांबून मारले तर टोक नुसते चाटून जाते आणि तुमचा तोल पुढे जातो. वस्तादाने दहा वेळा सांगून जे पटत नाही ते पोते एका वारात पटवते.

पोते बनवणे अवघड नाही आणि पालघर-बोईसर भागात त्यासाठी बाहेर जावे लागत नाही. मधे गाभा म्हणून पाच-साडेपाच फूट उंच राहील असा लाकडी खांब जमिनीत दोन फूट पुरावा. त्यावर मोटरसायकलचे जुने टायर एकावर एक चढवावेत. टायर आणि खांब यांच्यामधल्या पोकळीत भाताचा पेंढा किंवा चिंध्या ठासून भराव्यात. बाहेरून गोणपाट, त्यावर पॅकिंगमध्ये येतो तसल्या पांढऱ्या फोमचे दोन-तीन थर, आणि सर्वांत वर ताडपत्री किंवा जाड रेक्झीन ताणून शिवावे. वाळू भरू नये. ती तळाशी बसते आणि महिनाभरात खालचा भाग दगडासारखा होतो. चिंध्याही खाली दबतात, म्हणून अधूनमधून उकलून पुन्हा भरणे आले. पेंढा एकटा वापरला तर वर्षभरात त्याचा भुगा होतो आणि उंदीर घर करतात.

एक गोष्ट इथल्या वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी. तारापूर औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळे रिकामी पोती, ड्रम, कापडाचे तुकडे, फोमचे काप सहज मिळतात. कापडाच्या गिरणीतल्या स्वच्छ चिंध्या उत्तम. पण ज्या पोत्यात किंवा पिशवीत रसायन, रंग वा औषधाची भुकटी येऊन गेली आहे ती कितीही धुतलेली दिसली तरी घेऊ नये. प्रत्येक वारासरशी पोत्यातून धूळ उडते आणि ती थेट दमलेल्या मुलाच्या श्वासात जाते. पोते कुठून आले ते ठाऊक नसेल तर नको.

पावसाळा हा दुसरा शत्रू. आपल्याकडे चार महिने ओल उतरत नाही. भरलेले पोते पाणी पिऊन जड होते, त्याला बुरशी येते. छप्पर नसेल तर जूनपूर्वी पोते उतरवून आत घ्यावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी साखळ्या आणि कड्या लवकर गंजतात, म्हणून टांगते पोते साखळीऐवजी बोटींवर वापरतात तसल्या नायलॉनच्या दोराने टांगावे. तो दोर सातपाटीसारख्या बंदराच्या गावी सहज मिळतो आणि टिकतो.

पोते तयार झाले की त्याला अंग द्यायचे. रंगाने पट्टे मारावेत: डोके, गळ्याखालचे हाड, कोपर, कंबर, मांडी, गुडघा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला एक हात द्यावा. प्लास्टिकच्या नळीवर फोम गुंडाळून ती खांबातून पुढे काढावी, दोरीने अशी बांधावी की मार बसला तर वाकेल आणि पुन्हा जागेवर येईल. काठीच्या लढतीत सर्वांत जवळचे लक्ष्य डोके नसून समोरच्याचा हत्यार धरलेला हात असतो. हात नसलेल्या पोत्यावर शिकलेला मुलगा नेहमी खोल आत शिरतो, आणि खऱ्या लढतीत तिथेच त्याला मार बसतो. बहुतेक व्यायामशाळांतल्या पोत्यांना हात नसतो. एवढी एक सुधारणा केली तरी शिकवणे बदलते.

सरावाची सुरुवात अंतरापासून करावी. पोत्यासमोर पवित्र्यात उभे राहा, काठी लांबवा, टोक टेकणार नाही इतके मागे सरका. आता एक पाऊल पुढे, एक वार, एक पाऊल मागे. वार संपल्यावर बाहेर पडणे हा वाराचाच भाग आहे. पोते उलटून मारत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर उभे राहून धडाधड मारत सुटण्याची फार वाईट खोड लागते. ती पहिल्या आठवड्यातच मोडली पाहिजे. नंतर वस्तादाने नाव पुकारावे, शीर किंवा कमर, आणि मुलाने ऐकून मारावे. कोणता वार येणार हे आधी माहीत नसताना अंतर आणि पाय सांभाळणे हीच खरी कसोटी. वारांची संख्या मोजण्यापेक्षा नीट बसलेले वार मोजावेत. दमल्यावर आकार बिघडू लागला की थांबावे, कारण दमलेला हात चुकीची सवयही तितक्याच निष्ठेने शिकतो.

हे जमले की टांगत्या पोत्याकडे यावे. ते झुलते, जवळ येते, दूर जाते आणि वाराची वेळ साधायला लावते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे माणसाने हातात धरलेली गादी. बॉक्सिंगमध्ये वापरतात तसली जाड गादी एका जोडीदाराने धरायची; तो फिरतो, गादी उघडतो, बंद करतो आणि मधेच दुसऱ्या हातातल्या मऊ काठीने मारणाऱ्याला टोकतो. गादी धरणे हे हलके काम समजले जाते, ते चूक आहे. चांगला गादीवाला अर्धा वस्ताद असतो. गादी अंगापासून दूर आणि बोटे तिच्या मागे पूर्ण झाकलेली हवीत. काठीच्या सरावात सर्वाधिक मार खातात ती बोटे. गादीवर लाकडी लाठी पूर्ण जोराने कधीच चालवू नये. तिथे फोम चढवलेली हलकी काठीच वापरावी. पूर्ण ताकद पोत्यासाठी, नेम आणि वेळ गादीसाठी.

फोमची काठीही सुरक्षित असते असे समजू नका. मऊ टोकाने डोळा जाऊ शकतो. दोघांनीही जाळीचा मुखवटा किंवा निदान खेळाडूंचा मजबूत चष्मा, हातमोजे आणि गुडघ्यापाशी गादी घातल्याशिवाय मोकळी लढत सुरू करायची नाही. त्यात ‘आज राहू दे’ नाही.

सुरीचा विषय वेगळ्या मनाने हाताळायला हवा. व्यायामशाळांत जंबियाचे हात लाकडी जंबियाने जोडीजोडीने शिकवतात. एकाने वार करायचा, दुसऱ्याने मनगट धरायचे, पीळ द्यायचा, पुढचा हात. हे हात चपळाई देतात आणि सांधे मोकळे ठेवतात, त्यांची थोरवी मला मान्य आहे. पण त्यांत एक गृहीत धरलेले असते. वार करणारा हात शेवटाला जाऊन क्षणभर थांबतो आणि तेव्हा तो पकडता येतो. पोत्यावर लाकडी सुरी चालवून पाहिली की हे गृहीत पहिल्याच मिनिटाला कोसळते. जवळून दिलेला हात जसा जातो तसा मागे येतो आणि लगेच पुन्हा जातो. वर्षभर जंबिया खेळलेल्या कुणालाही पोत्यासमोर उभे करून त्याच्या जोडीदाराला शेजारून पाहायला सांगा. पकडायला हात कुठे मिळतो?

दुसरा प्रयोग बोथाटीच्या कापडावरून सुचतो. रबरी सुरीच्या कडेला ओला खडू किंवा गुलाल लावावा. चष्मा घातलेल्या दोघांपैकी एकाने जुना पांढरा सदरा घालून नुसते बचाव करत राहावे आणि दुसऱ्याने थोडा वेळ सुरी चालवावी. मग सदरा पाहावा. हातांवर, कुशीवर, पोटावर रंगाच्या रेघा उमटलेल्या असतात, आणि ज्याच्या अंगावर त्या आहेत त्याला त्यांतल्या निम्म्याही जाणवलेल्या नसतात. कुठल्याही भाषणाने हे शिकवता येत नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की २१ फुटांवर, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवर उभा असलेला सुरीधारी माणूस सुमारे दीड सेकंदात अंगाला भिडतो. तेवढ्याच वेळात सरावलेला पोलीस कमरेचे पिस्तूल कसेबसे काढून गोळी झाडू शकतो. मग नि:शस्त्र माणसाने काय करावे? अंतर वाढवावे, मधे टेबल, सायकल, दार, काहीही आणावे, ओरडावे, पळावे. सुरीच्या सरावातून हाच निष्कर्ष निघाला पाहिजे. सुरीवाल्याच्या हातातून शस्त्र हिसकावण्याचा आत्मविश्वास देणारा वर्ग दिसला तर तिथे मुलांना पाठवू नका.

हातातली सुरी पोत्यावर चालवताना आणखी एक धडा मिळतो. मुठीला आडवी कडी नसेल तर जोराच्या खुपशीत हात पुढे घसरून पात्यावर जातो. लाकडी सुरीवर तो घसरला तर नुसते समजते. खऱ्या सुरीने पोत्यावर सराव करण्याचा हट्ट धरणारे असतात, त्यांच्या तळहाताला हे रक्ताने समजते. पोत्यावर खरे पाते कधीही नको.

पोत्यावरच्या सरावाचा उपयोग कुणाला? औद्योगिक वसाहतीच्या फाटकांवर रात्रपाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकांना तर नक्कीच. खासगी सुरक्षारक्षकांसाठीच्या केंद्रीय आदर्श नियमांत १०० तासांचे वर्ग-शिक्षण आणि ६० तासांचे मैदानी प्रशिक्षण, किमान २० कामाच्या दिवसांत, असे धरले आहे. त्या साठ तासांत दिवसाला वीस मिनिटे जरी पोत्याला मिळाली तर रक्षकाच्या हातातली काठी नुसती टेकायची वस्तू राहणार नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपला वार किती लागतो हे ज्याला ठाऊक आहे तो कमी मारतो. मांडीवर मारून माणूस थांबत असेल तर डोक्यावर मारायचे कारण नाही, हे पोत्यावर मारलेल्या हाताला समजते. ज्याने कधीच मारलेले नाही तो घाबरून डोक्यावर मारतो आणि एका क्षणात आरोपी होतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण बचावापुरती जेवढी इजा आवश्यक तेवढीच, अशी त्याची मर्यादा आहे. ही मर्यादा कायद्याच्या पुस्तकात वाचून हाताला कळत नाही.

मुलामुलींचे वर्ग चालवणाऱ्यांनी एक कायदेशीर बाब सांभाळावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत मनाई आदेश निघतात, आणि त्यांत शस्त्रांबरोबर काठ्या-सोटे घेऊन फिरण्यावरही बंदी असते. त्या दिवसांत लाठ्या व्यायामशाळेतच राहिल्या पाहिजेत. मुलांच्या दप्तराला किंवा सायकलला बांधून त्या रस्त्यावर जाता कामा नयेत. मिरवणुकीतल्या प्रात्यक्षिकासाठी पोलीस ठाण्यातून रीतसर परवानगी घ्यावी.

पोत्याच्या मर्यादा लपवायच्या नाहीत. त्यावर फार काळ एकट्याने मारले की ताकदीचा गर्व वाढतो आणि समोरचाही चाल करतो याचा विसर पडतो. मऊ काठी खऱ्या लाठीपेक्षा हलकी असते, तिच्याने वेगाचा खोटा अंदाज बसतो. म्हणून जुन्या ठरीव हातांचा सराव टाकून द्यायचा नाही. त्यांनी अंगाला वळण लागते आणि वळण लागलेले अंगच पोत्यावर नीट मारते. कवायत, पोते, गादी, मोकळी लढत हे चारही हवेत आणि प्रत्येकाला आठवड्यात वेळ हवा. आज पहिल्यालाच सगळा वेळ जातो, तक्रार तेवढीच आहे.

पालघर, बोईसर, केळवे, सफाळे, वाणगाव परिसरात लाठीकाठी शिकवणाऱ्या मंडळांना, शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आणि सुरक्षारक्षकांच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. मैदानाच्या एका कोपऱ्यात हात असलेले एक पोते उभे करा आणि दर वर्गाची शेवटची वीस मिनिटे त्याला द्या. प्रात्यक्षिकाच्या कपड्यांसाठी वर्गणी गोळा करणार असाल तर त्यातून आधी डोळ्यांचे चष्मे आणि हातमोजे घ्या, मग कपडे.